हंगामातले जागरण आणि शेडमधले हसणे: नेमके काय बंद करावे?

पेटीवाला (देवगड तालुका)

नमस्कार. माझ्या मामांच्या हापूसच्या बागा आहेत आणि मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंतचा त्यांचा हंगाम गेली सहा वर्षे मी सांभाळतो. ज्यांना या कामाची कल्पना नाही त्यांच्यासाठी दिनक्रम सांगतो. उन्हे चढण्यापूर्वी तोड उरकायची असते म्हणून मी पहाटे पाचला उठतो. झेल्याने (फळ झेलणारी जाळी लावलेल्या लांब काठीने) देठासकट उतरवलेले फळ सावलीत येऊन पडेपर्यंत दहा वाजतात. त्यानंतर डागी आणि बारीक फळ वेगळे काढणे, वजनाप्रमाणे प्रतवारी, पेंढा घालून पेट्या भरणे आणि संध्याकाळी वाशीच्या बाजाराची गाडी रवाना करणे. गाडी गेली की मग घरगुती ग्राहकांच्या पेट्या, ज्यांत प्रत्येकाचे म्हणणे निराळे असते: कोणाला तयार आंबा हवा, कोणाला चार दिवसांनी होणारा. हे सारे आटोपून पाठ टेकायला एक वाजतो. म्हणजे अडीच महिने मी रोज चार तास झोपतो, आणि खरे सांगायचे तर आजवर मला त्याचा अभिमानच वाटत आला आहे.

आता अडचण सांगतो. आमच्या शेडमध्ये नऊ बायका प्रतवारीला बसतात. त्यांतल्या सर्वांत वयस्क मावशींची जीभ फार तिखट आहे. हाताखालून आंबा जाताना त्या फळाला गावातल्या कोणाची तरी उपमा देतात आणि सगळी शेड हसत सुटते. अक्षय तृतीयेच्या आदल्या आठवड्यात त्यांनी एक फळ उचलून मला दाखवले आणि म्हणाल्या, "ह्यो आंबो आमच्या भाऊंसारखो, भायरसून पिवळो, आतसून कच्चो." मीही त्या वेळी हसल्यासारखे केले. त्याच आठवड्यात अठ्ठावीस पेट्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. सणासाठी तयार आंबा मागितलेल्या ग्राहकांकडे हिरवेगार फळ पोचले आणि लांबच्या ग्राहकांकडे जाईपर्यंत तयार फळ मऊ पडले. पैसे परत करावे लागलेच, शिवाय मामांचे बोलणे ऐकावे लागले ते वेगळे.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये सांगून टाकले की यापुढे कामाच्या वेळी थट्टामस्करी चालणार नाही. त्याला आता बारा दिवस झाले. शेडमध्ये आता फक्त पेंढ्याची कुसकुस ऐकू येते, पण पूर्वी जे काम रात्री दहाला आटोपत असे त्याला आता अकरा वाजतात, आणि दोन मुलींनी येणे थांबवले आहे. माझे दोन प्रश्न आहेत. हसण्या-बोलण्याने कामातले लक्ष उडते हे खरे की नाही? आणि रात्रीची तरतरी टिकवण्यासाठी चहाखेरीज (दिवसाला सहा-सात कप होतात) आणखी काय करता येईल?

रातराणी (कणकवली)

भाऊ, मी एकतीस वर्षे एसटीची गाडी चालवली आणि त्यातली बरीचशी रात्रीची. आपले सारे लिहिणे दोनदा वाचले. त्यात एक वाक्य मला अडले: "चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली." चिठ्ठ्या आपण होऊन जागा बदलत नाहीत. त्या कोणी लिहिल्या आणि रात्री किती वाजता लिहिल्या, हे आपण सांगितलेले नाही. उत्तर मला नको, आपण स्वतःला द्यावे.

मला झोप आवरते असे मीही समजत होतो. एका पावसाळ्यात सलग चौथी रात्र रस्त्यावर होतो. घाट उतरून खालच्या गावच्या थांब्यावर गाडी लावली तेव्हा लक्षात आले की घाटातली शेवटची तीन वळणे मला मुळीच आठवत नव्हती. गाडी मीच आणली होती, वळणेही बरोबर घेतली होती, परंतु ती घेताना मी तेथे नव्हतो. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी तीन सेकंदांत पन्नास मीटर पुढे जाते. तेवढ्यात डोळा मिटला तर काय होते ते घाटाच्या कठड्याला विचारावे. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला आणि त्यात दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी कामाची मर्यादा घातली गेली. ती चालकाचे लाड व्हावेत म्हणून घातलेली नाही. मागे बसलेल्या पन्नास माणसांनी घरी पोचावे म्हणून ती आहे.

आता हसण्याविषयी. माझ्याबरोबर अनेक वर्षे एकच वाहक होते, मालवणकडचे, गजालींचे भांडार. शेवटचा मोठा थांबा गेला आणि प्रवासी पेंगू लागले की ते पुढे येऊन बसत आणि गोष्टी सांगत. त्यांतली एक गोष्ट, एका सासऱ्याने जावयाला बांगड्याचे डोके वाढल्याची, ते जवळजवळ रोज सांगत. मला वाटे की म्हातारपणामुळे विसरतात. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी उलगडा केला. "झोप आली का?" असे चालकाला विचारले तर तो "नाही" असेच सांगतो, म्हणून ते विचारत नसत. ते तीच गोष्ट सांगत आणि मी कोठे हसतो ते पाहत. ठरल्या जागी हसलो तर ठीक. उशिरा हसलो, किंवा नुसते "हं" म्हटले, की पुढच्या चहाच्या टपरीपाशी त्यांना हमखास पोटात दुखू लागे आणि ते गाडी थांबवायला लावत. मी तेवढ्यात स्टिअरिंगवर डोके टेकवून पंधरा मिनिटे झोपत असे. त्यांचे पोट इतके नाजूक कसे, असा मला पंधरा वर्षे प्रश्न पडला होता.

बागायतदार ६७ (रत्नागिरी)

मला हे सारे जरा अतीच वाटते. हंगाम हा हंगाम असतो. आंबा आपली झोप पुरी होईपर्यंत झाडावर थांबत नाही, आणि एकदा पावसाने गाठले की वर्षाचे पैसे मातीत जातात. आमच्या वडिलांनी चाळीस हंगाम असेच काढले. मृगाचा पाऊस लागला की घोंगडी ओढून पंधरा दिवस झोपायचे, ही आमच्याकडची रीत. "भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा" असे उगीच म्हटलेले नाही. जो खरा राबतो त्याला धोंड्यावरही झोप लागते, आणि ज्याला लागत नाही त्याला झोपेची नव्हे, कामाची कमतरता असते. थट्टेबद्दल एवढेच म्हणेन की मालकाची थट्टा मालकासमोर होऊ लागली की शिस्त गेली असे समजावे. मात्र बायका गप्प बसल्यावर काम का मंदावले, याचे उत्तर माझ्याकडे नाही हे मान्य करतो.

रात्रपाळी (राजापूर)

मी परिचारिका आहे आणि बावीस वर्षे पाळ्यांमध्ये काम करते आहे, त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहिते.

प्रथम बागायतदार काकांच्या म्हणीविषयी. धोंड्यावर पाठ टेकताक्षणी झोप लागणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे असे आपण समजतो, पण पुष्कळदा ती अपुऱ्या झोपेची खूण असते. आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि झोपेत ते ओसरते. चहातील कॅफिन ते द्रव्य कमी करत नाही, ते फक्त त्याच्या जागा अडवून बसते, त्यामुळे थकवा तसाच राहून जाणवेनासा होतो. पेटीवाले दादांनी आणखी एक हिशेब करावा: अंगातले कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री दहाच्या चहाचा अर्धा भाग पहाटे तीनला अंगात असतोच. चार तासांची झोप, आणि तीही अशी पोखरलेली.

मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप हवी. ती न मिळाल्यास काय होते याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला आणि २००३ साली प्रसिद्ध झाला. रोज चार किंवा सहाच तास झोपू दिलेल्या माणसांची लक्ष देण्याची क्षमता चौदा दिवसांत इतकी घसरली की ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांच्या बरोबरीला आली. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट: त्या माणसांना स्वतःची ही घसरण फारशी जाणवली नाही. सुरुवातीचे काही दिवस पेंग जाणवली, मग "आता सवय झाली" असे वाटू लागले आणि चुका मात्र वाढत राहिल्या. सवय होते ती थकव्याची, झोपेशिवाय चालवण्याची नव्हे.

दुसरा प्रयोग १९९७ सालचा, ऑस्ट्रेलियातला. सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात आणि डोळा यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो, असे त्यात दिसले. आपल्या मोटार वाहन कायद्यात चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के मद्याची मर्यादा आहे. पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहाला १७ तास पुरे करतो. त्यानंतर चिठ्ठ्या लिहिणाऱ्याच्या तोंडाला वास येत नाही, इतकाच फरक.

रातराणी काकांच्या वाहकांना तर मी मनापासून नमस्कार करते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना दोन दिवसांहून अधिक वेळ जागे ठेवून त्यांना विनोद कितपत उमगतो हे तपासले होते. काहींना कॅफिन दिले होते आणि त्याने त्यांची तरतरी परतही आली, परंतु विनोद ओळखण्याची क्षमता काही सुधारली नाही. विनोद कळायला दोन विसंगत गोष्टी मनात एकाच वेळी धरून त्यांचा अनपेक्षित सांधा पाहावा लागतो, आणि थकलेल्या मेंदूला हेच जमेनासे होते. आमच्या वॉर्डात पहाटे चारच्या सुमारास एखादी नवी मुलगी साध्या चेष्टेवर डोळ्यांत पाणी आणते तेव्हा मी तिला औषधांच्या ट्रॉलीपासून दूर बसवते. ती हळवी आहे असे कोणी म्हणाले तरी मी ऐकत नाही. तिची झोप झालेली नाही, एवढेच मला त्यातून कळते.

पावसाळ्यात झोपून भरपाई करू या म्हणण्याला फारसा अर्थ नाही, कारण मे महिन्यातल्या चुका जूनमधल्या झोपेने पुसल्या जात नाहीत. उपाय साधे आहेत. दुपारी जेवणानंतर वीस मिनिटांची वामकुक्षी घ्या, पण गजर लावून. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात तर गाढ झोपेतून उठावे लागते आणि डोके बराच वेळ जड राहते. दुपारी तीननंतर चहा नको. झोप येण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दमट रात्री घाम वाळतच नसल्याने ते सहज उतरत नाही. म्हणून झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्याने आंघोळ करावी. त्याने कातडीकडे रक्त येते आणि आतली उष्णता बाहेर पडते. चीक धुवायला आंघोळ करावीच लागते, ती फक्त वेळेवर करावी.

काजूबी (वेंगुर्ले)

मी काजूच्या कारखान्यात देखरेखीचे काम करते आणि त्याआधी अकरा वर्षे सोलाईला बसत होते, म्हणून शेडमधल्या बायकांच्या बाजूने लिहिते.

भाऊ, आपल्या मावशींचा विनोद आपल्यावर होता आणि बंदी त्यानंतर आली, हा क्रम शेडमधल्या नऊ जणींनी बरोबर लावलेला असणार. काम मंदावले याचे कारण मला तेथेच दिसते. सोलाईला बसलेल्या बाईचे हात सरावाने चालतात. टोकदार सुरीने गराची साल काढताना तिचे डोके मोकळेच असते. ते मोकळे डोके शेजारणीच्या गजालीत गुंतलेले असले तर हात लयीत चालतात, आणि नसले तर ते घरच्या काळज्यांत जाते आणि घड्याळाकडे पाहू लागते. आमच्याकडे अख्ख्या गराला आणि तुकड्याला भावात मोठा फरक असतो, त्यामुळे कोणत्या दिवशी तुकडा वाढला हे मला वजनावर दिसते. माझ्या पाहण्यात हसऱ्या दिवशी तुकडा वाढलेला नाही. भांडणाच्या दिवशी वाढतो, आणि मुकादम मागे उभा राहिला की तर फारच.

मात्र सगळी थट्टा सारखी नसते, हेही सांगते. पूर्वी आमच्याकडे एक मुकादम होता, तो एका तोतऱ्या मुलीची नक्कल करून सर्वांना हसवायचा. सगळ्या हसायच्या, ती मुलगीही हसायची, आणि एका सोमवारपासून ती आली नाही. खालून वर जाणारी थट्टा सहन करण्याची ताकद वरच्याकडे असते. वरून खाली येणाऱ्या थट्टेला मात्र खालच्याने हसावेच लागते. आपण बंदी घालायची होती तर ती स्वतःच्या तोंडावर घालायची.

आणि झोपेविषयी येथे सर्वांनी भाऊंच्याच झोपेचा हिशेब मांडला. रात्री अकराला शेडमधून सुटलेली बाई घरी जाऊन भांडी घासते, सकाळी साडेचारला उठून भाकऱ्या भाजते आणि पुन्हा आपल्या पेट्यांवर येऊन बसते. तिच्या झोपेचे तास आपण कधी मोजले आहेत का?

पारावरचा (कुडाळ)

थोडेसेच लिहितो. माझा दशावताराशी लहानपणापासून संबंध आहे. आमच्याकडे या कलावंतांविषयी "रात्रीचो राजा, सकाळी कपाळार बोजा" असे म्हणतात, कारण रात्रभर मुकुट घालून दरबार भरवायचा आणि उजाडले की सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला निघायचे, असे त्यांचे आयुष्य होते. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. संवाद रंगमंचावरच सुचावे लागतात. एका जुन्या नटाने मला सांगितले होते की झोप झाली नसेल तर पदे म्हणता येतात, तलवारही फिरवता येते, पण समोरच्याने टाकलेल्या कोटीला उत्तर सुचत नाही. म्हणून जत्रांच्या दिवसांत ते दुपारी देवळाच्या मंडपात पंचा तोंडावर घेऊन झोपत आणि कोणी उठवले तर शिव्या देत. रात्रपाळी ताईंनी सांगितलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष त्यांना ठाऊक असण्याची गरज नव्हती.

आणखी एक. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाने रोजच्या बोलण्यातले हसणे टिपून काढले तेव्हा बहुतेक हसणे विनोदावर नव्हे, तर अगदी साध्या वाक्यांवर येते असे आढळले. आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट सोबतीत हसतो. तेव्हा आपल्या शेडमध्ये बंद झाले ते विनोद नव्हेत, सोबत बंद झाली, असे मला वाटते.

पेटीवाला (देवगड तालुका)

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण आधी काही करून पाहायचे होते.

रातराणी काका, चिठ्ठ्या माझ्याच अक्षरात होत्या. वही काढून पाहिली. अठ्ठावीसही नावे रात्री बारानंतर लिहिलेली होती आणि त्यांत एका पानावर मी पुण्याच्या एकाच ग्राहकाचे नाव चार वेळा लिहून ठेवले होते. बायकांचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. त्या वेळी त्या शेडमध्ये नव्हत्याच.

आता चिठ्ठ्या दुपारी चारला, गाडी भरण्यापूर्वी लिहितो. संध्याकाळी सहानंतर आलेली मागणी दुसऱ्या दिवसावर टाकतो. त्यामुळे मामांची दोन दिवस कुरकुर झाली आणि तीन ग्राहक रुसले. शेड साडेआठला बंद होते, बायकांना घरी सोडायला टेम्पो जातो, आणि मी दहाच्या आत झोपतो. पहिल्या तीन रात्री नुसता कुशी बदलत होतो, हे कबूल करतो. काजूबी ताई, आपला शेवटचा प्रश्न मी शेडमध्ये विचारला. त्यांच्यापैकी एकीचीही झोप सहा तासांच्या वर नव्हती, आणि मी विचारले याचेच त्यांना हसू आले. गेलेल्या दोघींपैकी एक परत आली आहे. दुसरीने शेजारच्या बागेत काम धरले.

मावशींची मी सर्वांसमोर माफी मागितली. त्या काहीच बोलल्या नाहीत, तोंड मिटून दोन दिवस प्रतवारी करत राहिल्या. परवा दुपारी जेवून मी शेडच्या मागच्या बाजूला पेंढ्यावर गोणपाट टाकून आडवा झालो आणि वीस मिनिटांचा गजर लावला. डोळा लागता लागता मावशींचा आवाज ऐकू आला, "आवाज करू नकात गो, भाऊ आडयेत पिकाक घातलेलो आसा." शेड खदखदून हसली आणि मी तसाच झोपी गेलो. गजर कोणी बंद केला हे मी विचारलेले नाही. मी सव्वा तासाने उठलो, आणि रात्रपाळी ताईंनी सांगितल्याप्रमाणे दिवेलागणीपर्यंत डोके जड होते.